व्हायरसच्या पोटातले तीन बाइट

१९८७ च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी, लीहाय विद्यापीठाच्या संगणक केंद्रात, मुलांना वापरायला दिलेल्या फ्लॉपी खराब होऊन परत येऊ लागल्या. अधूनमधून एखादी खराब निघायचीच, पण आता रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त. केंद्रात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या तपासायला घेतल्या आणि त्यांची नजर कमांड डॉट कॉम या फाइलवर थांबली. डॉसच्या काळात संगणक सुरू करणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीवर ही फाइल असायची. आपण काळ्या पडद्यावर जी आज्ञा टाइप करू ती वाचून पुढचं काम करणारी हीच. तिचा आकार पूर्वीइतकाच होता, एका बाइटचाही फरक नव्हता. बदलली होती ती फक्त तारीख.

आत पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्या फाइलच्या शेवटी थोडी जागा शून्यांनी भरलेली असते, चालू असताना तात्पुरत्या नोंदींसाठी राखून ठेवलेली. व्हायरस नेमका त्या जागेत जाऊन बसला होता, म्हणून आकार वाढला नाही. दुसऱ्या फ्लॉपीवरची फाइल बघायला किंवा कॉपी करायला गेलं की तिच्या कमांड डॉट कॉममध्येही तो शिरायचा, आणि चौथी लागण झाली की डिस्कचा सुरुवातीचा भाग खरवडून टाकायचा. हाच त्याचा अडाणीपणा. इतक्या लवकर नासधूस केल्यामुळे तो लगेच पकडला गेला आणि विद्यापीठाच्या आवाराबाहेर फारसा पोचलाच नाही. याच केंद्रात काम करणाऱ्या केन व्हॅन वाइक यांनी पुढच्या वर्षी जगभरच्या व्हायरस-तज्ज्ञांना एकत्र आणणारी पत्रव्यवहाराची सोय उभी केली.

लीहायवरचा इलाज सोपा होता: चांगल्या फ्लॉपीवरची कमांड डॉट कॉम आणून बिघडलेल्या फाइलवर चढवायची. पण ज्या प्रोग्रामची चांगली प्रत कुठेच नाही, त्याचं काय? दुकानाचा हिशेब कोणीतरी खास लिहून दिलेल्या प्रोग्रामवर चालतो, मूळ फ्लॉपी केव्हाच बुरशी लागून गेली, लिहिणारा गाव सोडून गेला. उरली आहे ती एकच फाइल, आणि तिच्यात व्हायरस. ती फाइल पुन्हा पहिल्यासारखी करता येते का?

बहुतेक वेळा येते. आणि ती का येते याचं कारण कळलं की मी तरी अजूनही थक्क होतो. फाइल बरी करायला लागणारी माहिती खुद्द व्हायरसनंच सांभाळून ठेवलेली असते.

एक फाइल जवळून पाहू. डॉसमधली कॉम प्रकारची फाइल म्हणजे सगळ्यात साधा प्रोग्राम. तिला शीर्षक नाही, विभाग नाहीत. डॉस ती जशीच्या तशी मेमरीत उचलून ठेवतं आणि पहिल्या बाइटपासून चालवायला लागतं. समजा फाइल बरोबर ५००० बाइटची आहे आणि तिचे पहिले तीन बाइट आहेत बी४, ०९, बीए. आता व्हायरसला इथे घुसायचंय. तो स्वतःला फाइलच्या शेपटाला जोडतो. पण शेपटाला बसून उपयोग काय, चालणार तर पहिला बाइट! म्हणून तो पहिले तीन बाइट पुसतो आणि तिथे लिहितो ई९, ८५, १३. ई९ म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरला ‘इथून उडी मार’ अशी आज्ञा. पुढचे दोन बाइट किती लांब उडी मारायची ते सांगतात. इंटेलची पद्धत अशी की धाकटा बाइट आधी लिहायचा, म्हणजे हा आकडा सोळाच्या पायावर मोजलेला १३८५, आपल्या दशमान पद्धतीत ४९९७. आज्ञेचे स्वतःचे तीन बाइट धरले की बरोबर ५०००, म्हणजे जिथे मूळ प्रोग्राम संपून व्हायरस सुरू होतो ती जागा.

प्रोग्राम सुरू केला की उडी बसते आणि आधी व्हायरस चालतो. त्याला जे करायचं ते तो उरकून घेतो, आणखी एखाद्या फाइलला लागण करतो. पण मग? तो तिथेच थांबला तर हिशेबाचा प्रोग्राम उघडणारच नाही, मालक बोंब मारेल आणि दुसऱ्या दिवशी डिस्क पुसली जाईल. व्हायरसला जगायचं आणि पसरायचं तर मूळ प्रोग्राम चाललाच पाहिजे, तोही कुणाला शंका न येता. आंब्यावरचं बांडगूळ आंबा मरू देत नाही, तसंच. म्हणून बी४, ०९, बीए हे पुसलेले तीन बाइट त्यानं स्वतःच्या पोटात आधीच नोंदवून ठेवलेले असतात. काम झालं की मेमरीत ते जागच्या जागी परत ठेवतो आणि ताबा मूळ प्रोग्रामकडे देतो.

आता साफ करणाऱ्याचं काम काय उरलं? व्हायरसच्या पोटात ते तीन बाइट नेमके कुठे आहेत ते शोधायचं, फाइलच्या सुरुवातीला परत लिहायचे, आणि ५००० बाइटपुढचं सगळं छाटून टाकायचं. फाइल अक्षरशः बाइट-न्-बाइट पहिल्यासारखी.

१९८७-८८ च्या सुमाराला सगळीकडे फिरलेला व्हिएन्ना नावाचा व्हायरस याच रीतीनं वागायचा. त्याची लांबी ६४८ बाइट. तो काढून टाकणारा प्रोग्राम १९८७ मध्ये बर्न्ड फिक्स या जर्मन तरुणानं लिहिला, आणि व्हायरस काढण्याच्या इतिहासातलं ते पहिल्या नोंदींपैकी एक काम मानतात. व्हिएन्नाची एक लकब मला फार आवडते. एकदा शिरलेल्या फाइलमध्ये पुन्हा शिरू नये म्हणून त्याला काहीतरी खूण हवी होती. डॉस प्रत्येक फाइलची वेळ नोंदतं, पण सेकंदांना जागा पाचच बिटांची, म्हणून दोन-दोन सेकंदांच्या हिशेबानं लिहितं. पाच बिटांत मोठ्यात मोठा आकडा ३१, म्हणजे ६२ सेकंद. खऱ्या घड्याळात ६२ वा सेकंद नसतोच, पण नोंदीत तो मावतो. व्हिएन्नानं लागण झालेल्या फाइलवर हाच ६२ वा सेकंद ठोकला. फाइलींची यादी बघणाऱ्याला सेकंद दिसतच नाहीत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता.

पण व्हिएन्नाच्या गुणी स्वभावाला एक अपवाद होता. घड्याळाच्या सेकंदांवर नेम धरून, साधारण आठातल्या एका फाइलमध्ये तो शिरायचाच नाही. तिच्या पहिल्या पाच बाइटवर संगणक नव्यानं सुरू करण्याची आज्ञा लिहून मोकळा व्हायचा. ते पुसलेले पाच बाइट तो कुठेच जपून ठेवत नसे. आता ही फाइल जगातला कोणताही तज्ज्ञ बरी करू शकत नाही. पाच बाइट म्हणजे ४० बिट, म्हणजे लाख कोटीपेक्षा जास्त शक्यता, आणि त्यातली खरी कोणती हे सांगणारा कुणी नाही. ६४८ बाइट घुसलेली फाइल पूर्ण बरी होते आणि अवघे पाच बाइट गेलेली फाइल कायमची गेली.

अमेरिकेत व्हिएन्ना आला तो फ्लॉपीवरून आणि पुस्तकातूनही. जर्मनीच्या राल्फ बर्गर यांनी आपल्या पुस्तकात त्याचा स्रोत थोडाफार बदलून छापला होता, आणि त्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या एका प्रकाशकानं १९८८ मध्ये काढली. मग काय, ज्याला त्याला त्यात चार ओळी बदलून आपला व्हायरस करावासा वाटला. इथे साफ करणाऱ्यांची खरी पंचाईत सुरू झाली. व्हायरस ओळखायला त्याचा एखादा तुकडा जुळला तरी पुरतं, पण काढायला तो नेमका कोणता अवतार आहे हे कळलंच पाहिजे. कुणी मधे दहा बाइट वाढवले असतील तर जपलेले तीन बाइट दहा घरं पुढे सरकलेले असणार. साफ करणारा जुन्या पत्त्यावरून भलतेच तीन बाइट उचलून आणतो, फाइलच्या तोंडाशी ठेवतो, शेपूट छाटतो आणि सांगतो, ‘झालं साफ.’ आता व्हायरसही गेला आणि त्याच्या पोटातले खरे तीन बाइटही गेले. फाइल चालू केली की संगणक गप्प. लागण होती तेव्हा निदान चालत तरी होती!

म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे जॉन मॅकॅफी यांनी सुरू केलेल्या कंपनीची जुनी साधनं दोन वेगळ्या प्रोग्रामांत होती. स्कॅन शोधायचा आणि व्हायरसचं नाव व त्याची संकेताक्षरं चौकटी कंसात छापायचा. क्लीन चालवताना तीच संकेताक्षरं आपण हातानं टाइप करून द्यायची. कोणता व्हायरस काढायचा ते आधी माणसानं सांगायचं, मगच तो फाइलला हात लावणार. आजच्या एका बटणाच्या दुनियेत हे मागासलेलं वाटेल, पण त्यात शहाणपण होतं.

आणखी एक पथ्य त्या काळच्या प्रत्येक माहितीपत्रकात ठळक छापलेलं असे: आधी संगणक बंद करा, मग लिहिण्यावर बंदी घातलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करा, आणि मगच सफाई. का, ते बल्गेरियाहून आलेल्या डार्क ॲव्हेंजर या व्हायरसनं दाखवून दिलं. तो मेमरीत दबा धरून बसायचा आणि कोणतीही प्रोग्राम-फाइल नुसती उघडली तरी तिच्यात शिरायचा. व्हायरस मेमरीत असताना स्कॅनर चालवला की स्कॅनर बिचारा इमानेइतबारे डिस्कवरची एकेक फाइल तपासायला उघडणार, आणि त्याच्या पाठोपाठ व्हायरस एकेकीत शिरणार. तपासणी पूर्ण होईपर्यंत अख्खी डिस्क लागलेली.

मेमरीतल्या व्हायरसची हीच ताकद उलटी त्याच्यावर फिरवण्याची एक युक्ती आहे. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातला सर्वांत सुंदर खेळ हाच. ४०९६ किंवा फ्रोडो नावाचा व्हायरस, १९८९-९० चा. तो प्रत्येक फाइलला ४०९६ बाइट जोडायचा, पण मेमरीत असताना डॉसकडे येणारी प्रत्येक विचारणा मधेच अडवून खोटं उत्तर द्यायचा. फाइल केवढी आहे विचारलं की ४०९६ वजा करून सांगायचा. आत काय आहे ते वाचायला मागितलं की व्हायरस लागण्याआधीचा शुद्ध मजकूर पुढे करायचा. लागण झाल्याची खूण म्हणून फाइलच्या तारखेत तो १०० वर्षं वाढवायचा. डॉस यादीत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे दाखवायचं, त्यामुळे १९९० आणि २०९० सारखेच दिसायचे.

मग त्या काळचे जाणकार सांगायचे की व्हायरस जागा असतानाच सगळ्या प्रोग्राम-फाइली दुसऱ्या नावानं कॉपी करा, ज्या नावाचं शेपूट कॉम किंवा ईएक्सई नाही अशा. कॉपी करताना डॉस मूळ फाइल वाचायला मागतं, व्हायरस आपली लबाडी लपवायला शुद्ध मजकूर देतो, आणि नव्या फाइलचं नाव प्रोग्रामचं नसल्यामुळे तिच्यात तो शिरत नाही. झालं! सगळ्या फाइलींच्या स्वच्छ प्रती व्हायरसनंच आपल्या हातानं काढून दिल्या. आता संगणक बंद करायचा, स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचा, जुन्या फाइली पुसायच्या आणि नव्यांना मूळ नावं द्यायची. अँटिव्हायरस विकत घेण्याचीही गरज नाही.

कॉम फाइलींचं प्रकरण सोपं. ईएक्सई फाइलींना मात्र सुरुवातीला माहितीचा एक तक्ता असतो. त्याचे पहिले दोन बाइट ‘एमझेड’, म्हणजे मायक्रोसॉफ्टमधले प्रोग्रामर मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. अब्जावधी विंडोज प्रोग्रामांच्या तोंडाशी आजही ती आहेत. चालवायला कुठून सुरुवात करायची, फाइल किती लांब आहे, हे सगळं त्या तक्त्यात असतं. व्हायरस इथे उडी लिहीत बसत नाही. तक्त्यातला सुरुवातीचा पत्ता बदलून स्वतःचा टाकतो आणि जुना पत्ता अर्थातच पोटात ठेवतो. सफाई करताना तो परत तक्त्यात भरायचा.

इथे एक बारीक खोच आहे. अशा बऱ्याच व्हायरसना स्वतःचा प्रोग्राम १६ च्या पटीत येणाऱ्या जागेपासून सुरू करणं सोयीचं असे, म्हणून ते आधी फाइलच्या शेवटी काही भरीचे बाइट टाकत. किती टाकले ते लिहून ठेवायची त्यांना गरज नव्हती, कारण मूळ प्रोग्राम चालायला त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे साफ केलेल्या फाइलच्या शेवटी पंधरापर्यंत फालतू बाइट उरू शकत. बहुतेक प्रोग्रामांना त्याचं काही वाटत नसे. पण काही प्रोग्राम सुरू होताना स्वतःची लांबी आणि बेरीज तपासायचे. ते साफ केल्यावरही हटून बसायचे, ‘माझ्यात कुणीतरी फेरफार केलाय.’ खरंच होतं म्हणा.

याच वर्षांत फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरणारे हेच व्हायरस आपल्याकडेही येऊन पोचले होते. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून संगणक दुरुस्तीत शिरलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांच्या क्विक हील या अँटिव्हायरसचा जन्म त्याच गरजेतून झाला. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला नवी फाइल नको होती, त्याला त्याचीच फाइल बरी करून हवी होती.

मग व्हायरस लिहिणारे शहाणे झाले. १९९० मध्ये मार्क वॉशबर्न या अमेरिकन प्रोग्रामरनं व्हिएन्नाच्याच आधारे १२६० हा व्हायरस केला. त्याचं अंग सांकेतिक लिपीत, ते उलगडणारा छोटासा भाग पुढे, आणि प्रत्येक नव्या फाइलमध्ये शिरताना तो उलगडणारा भागही वेगळा: आज्ञांचा क्रम बदललेला, मधेमधे काहीच न करणाऱ्या आज्ञा पेरलेल्या. दोन फाइलींतले दोन १२६० शेजारी ठेवले तर ओळख पटावी असा सलग तुकडाच सापडत नाही. जिथे ओळखायचीच मारामार, तिथे पोटातले तीन बाइट कुठून शोधणार? तेही सांकेतिक झालेले.

उत्तर असं निघालं की व्हायरसला उलगडायला लावायचं. अँटिव्हायरसच्या आत एक संपूर्ण प्रोसेसर खोटा-खोटा उभा करायचा: त्याची मेमरी खोटी, त्याचं डॉस खोटं, डिस्कही खोटी. त्यात ती संशयित फाइल चालवायची. व्हायरसला वाटतं आपण खऱ्या संगणकावर आहोत, तो इमानदारीनं स्वतःचं सांकेतिक अंग उलगडतो, आणि खोट्या मेमरीत उघडा पडतो. सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीच्या सांता मोनिका इथल्या प्रयोगशाळेत कॅरी नाकेनबर्ग यांनी नव्वदच्या दशकात या तंत्रावर मोठं काम केलं. नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्डमन यांचा टीबीक्लीन हा प्रोग्राम तर याच्याही पुढे गेला. त्याला व्हायरसचं नावही माहीत असायची गरज नव्हती. खोट्या यंत्रात फाइल चालवत राहायचं. व्हायरस आपलं काम उरकतो, मूळ बाइट जागच्या जागी ठेवतो, आणि ताबा मूळ प्रोग्रामकडे देतो. त्याच क्षणी थांबायचं आणि मेमरीत जे दिसतंय त्यावरून फाइल पुन्हा लिहायची. सफाई व्हायरसनंच केली, अँटिव्हायरसनं फक्त ती उतरवून घेतली.

न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जेफ्री केफार्ट, स्टीव्ह व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला यातून बाहेरच काढलं. नवा व्हायरस सापडला की एक यंत्र त्याच्यापुढे मुद्दाम तयार केलेल्या फाइली टाकायचं. या धंद्यात त्यांना बकरे म्हणतात, आणि आपल्याला ते समजावून सांगायला नको. या बकऱ्यांचा प्रत्येक बाइट आधीच माहीत असतो. व्हायरस त्यांच्यात शिरला की लागण होण्यापूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवायची: मूळचे बाइट कुठे गेले, व्हायरसच्या पोटात कोणत्या जागी, कसे बदलून ठेवले, हे वेगवेगळ्या लांबीच्या डझनावारी बकऱ्यांवरून यंत्र स्वतः ताडायचं आणि काढायची रीत आपोआप लिहून द्यायचं. माणसाला दिवस लागत असे ते काम यंत्र तुलनेनं चुटकीसरशी करू लागलं.

त्याच आयबीएमवर १९९९ च्या वसंतात वेगळीच पाळी आली. मार्चमध्ये तयार झालेले कंपनीचे काही हजार ॲप्टिव्हा संगणक कारखान्यातूनच सीआयएच व्हायरस घेऊन बाहेर पडले होते. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं १९९८ मध्ये लिहिलेला हा व्हायरस २६ एप्रिलला हार्ड डिस्कचा पहिला मेगाबाइट पुसायचा आणि काही संगणकांची मदरबोर्डवरची सुरुवातीची चिपही निकामी करायचा. चेर्नोबिल नावानं तो आपल्याकडेही गाजला.

त्याची घुसण्याची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. विंडोजची प्रोग्राम-फाइल वेगवेगळ्या विभागांत असते आणि प्रत्येक विभाग ठराविक मापात बसवावा लागतो, त्यामुळे शेवटी रिकाम्या फटी राहतात. सीआयएच उणापुरा हजार बाइटचा. तो स्वतःचे तुकडे करून त्या फटींमध्ये वाटून बसायचा आणि चालताना मेमरीत तुकडे पुन्हा जोडायचा. फाइलची लांबी तसूभरही वाढत नाही. साफ करणाऱ्याला हे उलट सोयीचं पडलं. मूळ प्रोग्रामचा एकही बाइट पुसलेला नाही, बदललाय तो मुख्यतः तक्त्यातला सुरुवातीचा पत्ता. तो परत लावला की फटींमधले तुकडे निर्जीव. ते शून्यांनी पुसून टाकले की आरोग्य पूर्ण. अर्थात आधी मेमरीतला व्हायरस आटोक्यात आणायला हवा, आणि त्यासाठी सिमँटेकनं वेगळा छोटा प्रोग्राम फुकट वाटला.

या सगळ्या कलेची हद्द कुठे आहे हे २००१ च्या सुमाराला झेडमिस्टनं दाखवलं. झोम्बी या टोपणनावाच्या रशियन प्रोग्रामरची ही निर्मिती. तो अख्खी प्रोग्राम-फाइल उलगडून तिचे सुटे भाग करायचा, मूळ आज्ञा इकडेतिकडे सरकवून मधेमधे स्वतःच्या आज्ञा ओवायचा, सगळे पत्ते नव्यानं मोजायचा आणि फाइल पुन्हा बांधायचा. यात छाटायला शेपूट नाही, बदललेला पत्ता परत लावण्याचा प्रश्न नाही. मूळ प्रोग्राम आणि व्हायरस एकमेकांत विणलेले. सिमँटेकच्या पीटर सोर आणि पीटर फेरी यांनी त्याचं विच्छेदन केलं तेव्हा तो आजवरच्या सर्वांत अवघड व्हायरसांपैकी आहे हे मान्य केलं. नशीब असं की तो फार पसरला नाही.

पसरले ते विरुटसारखे व्हायरस. त्यांच्या लिहिणाऱ्यांनी घाई केली, चुका ठेवल्या, आणि शिरताना मूळ फाइलचे जे भाग जपायला हवे होते तेच चिरडले. अशा फाइलींबाबत अँटिव्हायरसवाले हात वर करतात आणि विंडोज नव्यानं टाका म्हणतात. व्हायरस कच्चा असेल तर सफाईही होत नाही, ही उलटी गंमत सगळ्यांच्याच वाट्याला आली.

सफाई करणाराच चुकला तर काय होतं, तेही अमेरिकेनं पाहिलं. आणि अशी चूक कधीच पूर्ण टाळता येणार नाही, हे आधीच सिद्ध झालं होतं. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ मध्ये संशोधन करणाऱ्या फ्रेड कोहेननं गणितानं सिद्ध केलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम असूच शकत नाही. युक्तिवाद असा: समजा असा ओळखणारा आहे. मग मी एक प्रोग्राम लिहितो, जो त्यालाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ ‘हो’ म्हणाला तर तो गप्प बसतो, ‘नाही’ म्हणाला तर पसरतो. ओळखणारा काहीही म्हणो, खोटाच ठरणार. म्हणजे अँटिव्हायरसला कधी ना कधी अंदाजावर चालावंच लागतं. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या रोजच्या अद्ययावत यादीत असा एक अंदाज चुकला. विंडोज एक्सपीमधली, एसव्हीसीहोस्ट नावाची, विंडोजच्या कितीतरी सेवा चालवणारी निरोगी फाइल तिनं व्हायरस म्हणून उचलून बाजूला काढली. विद्यापीठं, रुग्णालयं आणि कचेऱ्यांमधले संगणक पुन्हा पुन्हा बंद-सुरू होत राहिले, आणि दुरुस्ती करायला माणसाला प्रत्येक यंत्रापर्यंत चालत जावं लागलं.

आज फाइल बरी करण्याचा प्रसंगच क्वचित येतो. बहुतेक घातक प्रोग्राम आता दुसऱ्याच्या फाइलमध्ये शिरत नाहीत, स्वतंत्र फाइल म्हणून येतात, आणि ती पुसली की काम झालं. शिवाय मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम आता गणिती सहीसकट येतात. फाइलमधला एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी सही जुळत नाही, त्यामुळे शेवटी पाच-दहा फालतू बाइट राहिले तर चालतील हा जुना सोयीचा हिशेब उरला नाही. विंडोज स्वतःच्या मुख्य फाइलींच्या स्वच्छ प्रती बाजूला ठेवतं, आणि तपासणीत एखादी बिघडलेली दिसली की ती दुरुस्त करत बसत नाही, सरळ प्रत आणून लावतं. लीहायच्या मुलांनी केलं तेच.

जुने व्हायरस चालताना बघायचे असतील तर सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हनं २०१६ च्या फेब्रुवारीत मिक्को हिप्पोनेन आणि जेसन स्कॉट यांच्या पुढाकारानं एक संग्रहालय उघडलं आहे. तिथल्या व्हायरसांमधला नासधूस करणारा भाग काढून टाकलेला आहे, व्हायरस मात्र ठेवला आहे. ब्राउझरच्या खिडकीत एक खोटा डॉस-संगणक सुरू होतो आणि व्हायरस त्यात पुन्हा चालतात. कॅस्केड नावाचा जुना व्हायरस चालू झाला की पडद्यावरची अक्षरं एकेक सुटून खाली पडायला लागायची, तळाशी ढीग होईपर्यंत.